दिवेलागणीला परतणारा निजामी काळ

सायंकाळचे सहा वाजलेले. मानवतमधील एका घरात पंच्याऐंशी ओलांडलेले वडील अकस्मात उठतात, दाराची कडी पुन्हापुन्हा चाचपतात आणि विचारतात, "सगळे आत आले का? दिवा बारीक करा." मुलगा समजावतो, "बाबा, बाहेर कुणी नाही हो." वडील अधिकच भेदरतात. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा तेच. प्रसंग कल्पित आहे. परंतु स्मृतिभ्रंश झालेले माणूस ज्यांच्या घरात आहे, त्यांना तो परका वाटणार नाही. आजचा धागा या बंद दारामागच्या इतिहासाविषयी.

फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो याने १८८१ साली एक निरीक्षण मांडले. स्मृती ढासळते तेव्हा नवे आधी जाते, जुने शेवटपर्यंत तग धरते. सकाळचा चहा विसरला जातो, पण बालपणीची गल्ली लख्ख राहते. आता हिशेब करू. आज सत्त्याऐंशी वर्षांचे असलेले गृहस्थ १९४८ साली दहा वर्षांचे होते. त्यांचे मानवत महाराष्ट्रात नव्हते, भारतातही नव्हते. ते सातव्या निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते.

त्या राज्याचा कारभार उर्दूत चाले. सरकारी कागदांवर फसली सन असे. इसवी सनातून सुमारे ५९० वजा केले की तो मिळतो. नाणेही वेगळे होते. चारमिनारची मुद्रा असलेला हाली सिक्का संस्थानात चाले, तर ब्रिटिश रुपयाला 'कलदार' म्हणत. सहा कलदारांना सात हाली, असा दर असे. म्हणून एखादे आजोबा हातातली पाचशेची नोट उलटसुलट करून "हे कुठलं नाणं? हाली द्या," म्हणाले, तर ती निव्वळ बडबड नसते. त्या चलनात त्यांनी पहिला खाऊ विकत घेतलेला असतो.

आणि ती कडी? १९४७-४८ साली कासीम रझवीच्या रझाकारांची दहशत मराठवाड्यातील गावागावांत होती. अनेक कुटुंबे सीमा ओलांडून वऱ्हाडात आणि मुंबई प्रांतात गेली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले, १७ सप्टेंबरला निजामाची शरणागती झाली. आपली पाठ्यपुस्तके बहुधा येथेच थांबतात. त्यानंतर संस्थानातील मुसलमानांवर सूड उगवला गेला. सुंदरलाल समितीच्या अंदाजाने २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. तेव्हा कुठल्या घरातील आजोबा सप्टेंबरच्या आधीचे दार लावतात, तर कुठल्या घरातील आजी नंतरचे. कडी मात्र तीच.

आपल्याकडे या अवस्थेला 'म्हातारचळ' म्हणत, नाहीतर 'साठी बुद्धी नाठी' म्हणून सोडून देत. 'स्मृतिभ्रंश' हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहे खरा, पण तेथे तो क्रोधाच्या परिणामांत मोडतो. रोगाचे नाव तो फार पुढे झाला. १९०१ साली फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात पन्नाशीतील एक स्त्री दाखल झाली, तिला स्वतःचे नावही नीट लिहिता येईना. तिचा मेंदू तपासून आलोइस अल्झायमर यांनी नोव्हेंबर १९०६ मध्ये ट्यूबिंगेन येथे निष्कर्ष मांडले. १९१० साली क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात त्या विकाराला अल्झायमरचे नाव दिले.

शुश्रूषेचा इतिहास याहून अलीकडचा. १९५८च्या सुमारास अमेरिकेत जेम्स फॉल्सम यांनी रुग्णाला आजची तारीख, वार, स्थळ सतत सांगत राहण्याची पद्धत सुरू केली. काहींना तिचा उपयोग झाला, काही मात्र वारंवार खोडून काढल्याने चिडू लागले. नेओमी फाइल यांनी उलट वाट धरली: वाद घालू नका, भावना ओळखा. माझा कल दुसरीकडे आहे. "रझाकार जाऊन पंचाहत्तर वर्षं झाली," हे वाक्य सत्य आहे. पण घाबरलेल्या दहा वर्षांच्या मुलाला ते काय कामाचे? त्यापेक्षा "बाबा, कडी लावली. आपण सगळे आत आहोत," हे वाक्यही सत्यच आहे, आणि त्याने हात थरथरायचा थांबण्याची शक्यता अधिक. अंधारून येण्याआधीच घरातले दिवे लावावेत. लांबलेल्या सावल्या भय वाढवतात.

येथे एक सावधगिरी. रोजचा गोंधळ वेगळा आणि एक-दोन दिवसांत एकाएकी वाढलेला गोंधळ वेगळा. मूत्रमार्गाचा संसर्ग, उन्हाळ्यात अंगातले पाणी कमी होणे, नवे औषध यांनीही असे होते. तेव्हा इतिहास बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटात मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृतचे पंडित एका हत्तीमागे निघून जातात. मानवतचे आजोबा कदाचित कापसाच्या गाडीमागे निघतील. "घरी जायचंय," असे ते स्वतःच्याच ओसरीवर बसून म्हणतील. तेव्हा त्यांना विचारून पाहावे: घर कोणत्या गल्लीत, दारात झाड कशाचे, बैलांची नावे काय. पुष्कळदा बैलांची नावे अचूक येतात.