परवाना, करार आणि हक्क : पश्चिम कोलोरॅडोतील पशुपालकांच्या शासकीय साहाय्याचा इतिहास

शासकीय साहाय्याचा इतिहास बहुधा रकमांच्या आधारे लिहिला जातो. किती निधी मंजूर झाला, कोणास मिळाला आणि त्यातून काय उभे राहिले, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु साहाय्य देणारा आणि घेणारा यांचे नाते कायद्याने कोणत्या शब्दात बांधले, हा प्रश्नही तितकाच मूलगामी आहे. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील डोंगराळ काउंट्यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम भूमीची रचना ध्यानात घेतली पाहिजे. रॉकी पर्वताच्या पश्चिम उतारावर नदीकाठची सपाट जमीन पशुपालकांच्या खाजगी मालकीची असते. तेथे पाटाच्या पाण्यावर गवत वाढवून ते हिवाळ्यासाठी साठविले जाते. उन्हाळ्यात मात्र गुरे वरच्या कुरणांवर नेली जातात आणि ही कुरणे बहुतांशी केंद्र शासनाची आहेत. म्हणजे एकाच कुटुंबाची उपजीविका अर्धी स्वतःच्या व अर्धी सरकारच्या गवतावर अवलंबून असते.

राखीव जंगलांतील चराईसाठी शासनाने १९०६ पासून परवाना व शुल्क लागू केले. त्यापूर्वी ही चराई मुक्त होती, आणि दीर्घकाळ चालत आलेली मोकळीक म्हणजेच हक्क, अशी पशुपालकांची समजूत होती. फ्रेड लाइट या पशुपालकाची गुरे परवान्याविना होली क्रॉस या राखीव जंगलात शिरत असत. ज्याला गुरे नको असतील त्याने कुंपण घालावे, हा कोलोरॅडोचा प्रघात त्याने पुढे केला. सर्वोच्च न्यायालयाने १९११ मध्ये हा युक्तिवाद अमान्य केला. शासनाने आजवर आडकाठी केली नाही, एवढ्याने हक्क निर्माण होत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

जंगलांच्या खालच्या पट्ट्यातील सरकारी माळराने मात्र १९३४ पर्यंत अनिर्बंध राहिली. अतिचराईने त्यांची धूप होत होती. ग्लेनवुड स्प्रिंग्ज येथील लोकप्रतिनिधी एडवर्ड टेलर यांच्या नावाने ओळखला जाणारा चराई कायदा २८ जून १९३४ रोजी अमलात आला. त्यानुसार दहा वर्षांपर्यंतचे परवाने देण्याची व्यवस्था झाली. परंतु परवान्यामुळे जमिनीवर कोणताही हक्क किंवा हितसंबंध उत्पन्न होणार नाही, असे कायद्यातच स्पष्ट लिहिले गेले. चराई विभागाचे पहिले संचालक फॅरिंग्टन कार्पेंटर हे राउट काउंटीतील हेडन येथील पशुपालक व वकील होते. परवाने कोणास द्यावेत हे ठरविताना त्यांनी स्थानिक पशुपालकांच्या सल्लागार मंडळांवर भिस्त ठेवली. १९३६ मध्ये एका गाईच्या महिनाभराच्या चराईस पाच सेंट शुल्क ठरले. या उत्पन्नाचा चौथा हिस्सा कुरणांच्या सुधारणेसाठी खर्च करण्याची आणि निम्मा हिस्सा राज्यामार्फत काउंट्यांच्या उपयोगासाठी देण्याची मूळ कायद्यात तरतूद होती.

येथे शब्द आणि व्यवहार यांची फारकत झालेली दिसते. परवाना देताना जवळपास स्वतःची जमीन वा पाणी असलेल्यास प्राधान्य होते. त्यामुळे परवाना मूळ जमिनीशी निगडित झाला, जमिनीच्या विक्रीत त्याची किंमत धरली जाऊ लागली आणि सावकारी पेढ्याही त्या आधारे कर्ज देऊ लागल्या. कायदा ज्याला हक्क म्हणण्यास नकार देत होता, ते व्यवहारात हक्कासारखेच वागू लागले. ज्यांच्यापाशी स्वतःची जमीन नव्हती ते भटके मेंढपाळ या व्यवस्थेबाहेर पडले. याच प्रदेशातील यूट लोकांपैकी बहुतेकांना १८८१ मध्ये यूटाकडे हलविण्यात आले होते. तेव्हा प्राधान्याची गणना ज्या वहिवाटीपासून झाली, ती वहिवाटच एका विस्थापनानंतर सुरू झालेली होती. शासकीय साहाय्याच्या इतिहासात या दोन समूहांची नोंद क्वचितच होते.

खाजगी जमिनीच्या बाबतीत शासनाने निराळा शब्द स्वीकारला, तो म्हणजे करार. ह्यू बेनेट यांच्या नेतृत्वाखाली १९३५ मध्ये मृदासंधारण सेवा स्थापन झाली. १९३७ मध्ये राज्यांना नमुना कायदा पाठविण्यात आला आणि स्थानिक भूधारकांचे संधारण जिल्हे निघू लागले. १९९६ च्या कृषिकायद्याने सुरू झालेल्या पर्यावरण-गुणवत्ता योजनेत कुंपण, पाणवठे, सिंचनसुधारणा यांच्या खर्चाचा काही वाटा शासन उचलते. परंतु सामान्यतः काम पूर्ण झाल्यावर रक्कम मिळते. ज्याच्या हाती आरंभीचे भांडवल नाही, त्याला हा करार सोपा जात नाही.

गनिसन काउंटीत हे सर्व धागे एकत्र येतात. तेथील सेज ग्राऊस हा रानपक्षी २००० मध्ये स्वतंत्र जाती म्हणून मान्य झाला. त्याच्या अधिवासाचा मोठा भाग पशुपालकांच्या खाजगी जमिनीवर असल्याने २००६ मध्ये राज्य व केंद्र शासनाने एक करार पुढे ठेवला : अधिवास राखणाऱ्या भूधारकावर पुढे नवे निर्बंध लादले जाणार नाहीत. २०१४ मध्ये हा पक्षी संकटग्रस्त ठरविण्यात आला, तेव्हा या आश्वासनाचे मोल कळून आले. दुसरीकडे १९९२ मध्ये कोलोरॅडोच्या मतदारांनी राज्य सोडतीचे उत्पन्न निसर्गसंरक्षणाकडे वळविले, आणि १९९५ मध्ये तेथील पशुपालकांच्या संघटनेने स्वतःचा भूमिन्यास स्थापिला. अशा मार्गांनी जमिनीवर घरे बांधण्याचा हक्क कायमचा सोडून देणाऱ्या भूधारकास मोबदला वा करसवलत मिळू शकते.

या क्रमाचे मर्म असे : सरकारी कुरणावर पशुपालकास हक्क नाकारून परवाना दिला गेला, खाजगी कुरणावर त्याचा हक्क मान्य करून तो सोडण्याचे पैसे दिले गेले. दोन्हींची गरज एकच आहे, कारण नदीकाठची जमीन घरांखाली गेली की वरच्या कुरणाचा परवाना निरर्थक होतो, आणि परवाना गेला की खालची जमीन विकणे भाग पडते. मराठीत अशा रकमांना आपण सरसकट ‘अनुदान’ म्हणतो. त्या शब्दातील ‘दान’ एकतर्फी औदार्य सुचविते. वस्तुतः येथे देवघेव आहे, आणि तिच्या अटी कोणी ठरविल्या, त्या वेळी कोण अनुपस्थित होते, हे तपासणे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे.