सरस, पाचर आणि बांबूची दोरी

शाळेत असताना मी फळ्यावर धनुष्य शेकडो वेळा काढले असेल. एक कमान, एक सरळ रेघ, मध्ये बाण. इतिहासाच्या तासाला, मराठीच्या तासाला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. धनुष्य म्हणजे वाकवलेली काठी आणि ताणलेली दोरी, यापलीकडे त्यात काही असते असे मला बरीच वर्षे वाटले नव्हते.

हा समज दूर करण्याची संधी मला 1978 साली मिळाली होती. ती मी हसण्यावारी नेली. त्याचीच ही गोष्ट. पण आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय माझी चूक केवढी होती ते कळणार नाही.

एखादी काठी वाकवून पाहा. बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. धनुष्याच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे लक्ष्याकडे असते तिला, कारागीर 'पाठ' म्हणतात आणि तिरंदाजाकडच्या बाजूला 'पोट'. पाठीला ताण सोसायचा असतो, पोटाला दाब. दोन्ही कामे सारखीच चांगली करणारा पदार्थ मिळणे कठीण. धनुष्यनिर्मितीचा सगळा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो.

इंग्लंडच्या लोकांना याचे उत्तर यू नावाच्या झाडात आयते सापडले. त्याच्या सालीलगतचे पांढरे लाकूड ताण सोसते आणि गाभ्याचे तांबूस लाकूड दाब सोसते. दोन्ही ज्यात येतील असा दांडका फोडला की निसर्गानेच दोन थर चिकटवून दिलेले धनुष्य हाती येई. 1545 साली बुडालेले 'मेरी रोझ' हे जहाज 1982 मध्ये समुद्रातून वर काढले. त्याच्या अवशेषांत सव्वाशेहून अधिक अखंड धनुष्ये मिळाली, ती या यूचीच.

पण असे झाड सगळीकडे नसते. मध्य आशियातल्या घोडेस्वारांनी थर स्वतः जोडले. मध्ये लाकूड, पोटाला शिंगाची पट्टी, पाठीला जनावरांच्या स्नायूंचे तंतू, आणि हे सगळे धरून ठेवायला सरस. आपल्याकडेही ही विद्या जुनी आहे. विष्णूच्या धनुष्याचे नाव शार्ङ्ग, म्हणजे शिंगाचे. अशा धनुष्याची दोरी उतरवली की ते उलट्या दिशेला वळते. ज्याला ठाऊक नाही, त्याला ते कोणत्या बाजूने वाकवायचे हेही कळणार नाही. प्रत्यंचा चढवणे हाच पराक्रम अशा कथा आपल्याकडे आहेत, तशा ग्रीकांकडेही आहेत. त्यांच्यामागे हा अनुभव असावा असे मला वाटते.

मला मात्र सर्वांत जास्त मोहवले ते जपानी धनुष्याने. त्याला 'युमी' म्हणतात. हे सात फुटांहून उंच असते, म्हणजे माणसाच्या डोक्यावरून बरेच वर जाते. आणि मूठ मध्यावर नसते, तर खालून साधारण एक तृतीयांशावर असते. तिसऱ्या शतकातल्या एका चिनी इतिहासग्रंथात जपानी लोकांच्या धनुष्याचे असेच वर्णन आहे : लाकडाचे, वर लांब, खाली आखूड.

म्हणजे आरंभी ते एका लाकडाचेच होते. पुढे कोणीतरी पाठीला बांबूची पट्टी चिकटवली. मग पोटालाही चिकटवली. मग चारही बाजूंनी बांबू आला. शेवटी गाभ्यातही बांबूच्या पट्ट्या उभ्या बसवल्या आणि त्यांच्या दोन अंगांना लाकडाच्या पट्ट्या आल्या. हे सगळे व्हायला काही शतके गेली. प्रत्येक टप्प्यावर कुणाचे तरी धनुष्य मोडले असेल, कुणाचे तरी सुटले असेल, आणि त्यातून पुढच्याला शहाणपण आले असेल. त्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत.

क्यूशू बेटावरच्या मियाकोनोजो या गावात ही धनुष्ये आजही हाताने बनतात. जपान सरकारने 1994 मध्ये त्या कामाला पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. त्याची रीत थोडक्यात सांगतो. बांबू हिवाळ्यात तोडतात आणि चांगला वाळू देतात. गाभ्याच्या पट्ट्या विस्तवावर भाजून काळपट करतात. पाठीची आणि पोटाची, अशा दोन्ही पट्ट्यांची साल बाहेरच्या बाजूला ठेवतात, कारण बांबूचे चिवट तंतू सालीलगतच दाटीने असतात. सगळ्या थरांना सरस लावतात. हा सरस परंपरेने हरणाच्या कातड्याचा.

आणि मग खरी घाई सुरू होते. सरस थंड व्हायच्या आत संपूर्ण जुडगा दोरीने गच्च आवळायचा. दोरीच्या प्रत्येक वेढ्याखाली बांबूची पाचर ठोकायची. अशा शंभरेक पाचरी लागतात. एक पाचर ठोकली की तिथे जरा दाब वाढतो. इकडे ठोक, तिकडे ठोक, आणि ठोकता ठोकता तो सरळ जुडगा हळूहळू वाकत जातो. वाकवायचा तोही उलट्या बाजूला. आपल्या सुतारांकडे असतो तसला शिकंजा नाही, साचा नाही. वाक किती आला, कुठे कमी पडला, हे डोळ्याने ठरवायचे.

हे सरसाचे धनुष्य हवेला फार हळवे असते. दमट हवेत सरस सैल पडतो. म्हणून त्यावर लाखेचा लेप देत, जागोजागी वेत गुंडाळत. इतके नाजूक धनुष्य काय काम करील, असे वाटले तर एक आकडा सांगतो. क्योतोमध्ये सानजूसानगेन्दो नावाचे मंदिर आहे. त्याच्या सुमारे 120 मीटर लांबीच्या ओसरीत, छताला न लावता बाण या टोकापासून त्या टोकापर्यंत मारण्याच्या स्पर्धा होत. 1686 साली वासा दाइहाचिरो या तिरंदाजाने एका दिवसरात्रीत 13,053 बाण सोडले आणि त्यांतले 8,133 पार गेले. युद्धात बंदूक येऊन तोवर शंभरावर वर्षे उलटून गेली होती. लढाईतली गरज कमी झाली, तरी धनुष्य सुधारत राहिले.

असो. आता 1978 कडे वळतो.

तेव्हा मी सातपुड्याच्या पायथ्याशी एका शाळेत होतो. धुळे जिल्ह्याचा तो भाग पुढे 1998 मध्ये नंदुरबार जिल्ह्यात गेला. स्नेहसंमेलनात सीतास्वयंवराचा प्रवेश बसवत होतो. धनुष्य मीच केले होते. बांबू वाकवला आणि सुतळी बांधली. तालमीत रावण झालेल्या मुलाने जरा जोर लावला आणि सुतळी तुटली. नवी बांधली, तीही तुटली. मंडपात हशा.

मागे एक भिल्ल मुलगा उभा होता. पाड्यावरून चालत येणारा, वर्गात फारसा न बोलणारा. तो म्हणाला, "गुरुजी, दोरीपण बांबूचीच करा ना."

मी म्हणालो, "अरे, काठीला काठी बांधू होय?"

सगळे हसले. मीही हसलो. तो गप्प झाला. मी बाजारातून जाड दोर आणला आणि प्रवेश पार पडला.

बऱ्याच वर्षांनी कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे मराठी भाषांतर वाचत होतो. आयुधागाराच्या प्रकरणात धनुष्याचे चार पदार्थ दिले आहेत : ताड, बांबू, लाकूड आणि शिंग. पुढे दोरीसाठी कशाकशाचा उपयोग करावा त्याची यादी येते. मूर्वा, रुई, ताग, गवेधु, वेणू आणि स्नायू. वेणू या शब्दावर मी थांबलो. वेणू म्हणजे बांबू. मग शोधत गेलो तेव्हा कळले की भिल्लांच्या धनुष्याची दोरी बांबूच्या सालीच्या चिवट पट्टीचीच असते, आणि इंग्रजी अमदानीतल्या ग्रंथांतही तशी नोंद आहे.

म्हणजे ज्याला मी काठी समजलो, ती बांबूची साल होती. जपानी कारागीर धनुष्याच्या पाठीला जी साल लावतो, तीच. दोरीलाही ताणच सोसायचा असतो. बांबूचा कोणता भाग ताण सोसतो, हे त्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला ठाऊक होते. मी पदवीधर, आणि मला ठाऊक नव्हते. एवढेच असते तर बिघडले नसते. मी त्याला विचारले नाही, हे बिघडले. "कशी करतात रे, करून दाखव," एवढे म्हणालो असतो तर त्या दिवशी सगळी शाळा काहीतरी शिकली असती.

तो मुलगा पुढच्या वर्षी शाळेत आला नाही. त्याचे कारण माझे हसणे नव्हते, घरची ओढग्रस्त होती. तरी त्याच्या शाळेतल्या आठवणींत ते हसणे राहिले असणार.

पुढे 1988, 1992 आणि 1996 अशा तीन ऑलिंपिकमध्ये लिंबा राम हा राजस्थानातला आदिवासी तिरंदाज भारताकडून उतरला. बांबूच्या धनुष्यावर हात बसलेला तो मुलगा आधुनिक धनुष्य घेऊन जगापुढे उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतू आले. आताच्या स्पर्धांतल्या धनुष्यांची पातीही बहुधा थरांचीच असतात, फक्त शिंगाच्या आणि स्नायूच्या जागी काचतंतू किंवा कार्बन असतो. सरसाच्या जागी रासायनिक गोंद असतो. पाठ आणि पोट यांचा हिशेब मात्र तोच राहिला आहे.

आता मला कोणी धनुष्य काढायला सांगितले तर मी कमान एका रेघेत काढत नाही. दोन रेघा काढतो, एक पाठीची आणि एक पोटाची. मग दोरी काढतो. आणि समोरच्या मुलाला विचारतो, "तुमच्याकडे ही कशाची करतात?"