वायसर

गेल्या चैत्रात आमच्या न्हाणीतली तोटी बिघडली. घट्ट बंद केली तरी टिपकायची आणि अर्धी उघडली की टर्रर्र करून ओरडायची. आवाज असा, की गोठ्यातली म्हैस मान वर करून बघायची. सूनबाई म्हणाली, प्लंबरला फोन करा. प्लंबर तालुक्याला. एका तोटीसाठी तो येत नाही, चार कामं साचली की येतो. नातू म्हणाला, आजोबा, दोनशे रुपयांत नवी मिळते, टाका ही भंगारात. मी दोघांचं ऐकून घेतलं आणि काहीच केलं नाही. ही आम्हा शेतकऱ्यांची जुनी खोड. पाऊस आला की पत्रा बघू म्हणायचं.

आईला मात्र ते सोसेना. आई पंच्याऐंशीची. ऐकू कमी येतं, शेजारी लग्नाचा बँड वाजला तरी झोपते. पण टिपक्याचा आवाज तिला बरोबर कळायचा. रात्री भिंत धरत उठायची आणि तोटीखाली कळशी ठेवायची. सकाळी बघावं तर कळशी गळ्यापर्यंत भरलेली. तिसऱ्या दिवशी तिनं ती कळशी माझ्यापुढं आणून ठेवायला लावली. म्हणाली, "बहात्तरला एवढ्या पाण्यासाठी मी रात काढलीया आडावर. आन् तुमच्या घरात ते झोपंत वाया जातंय."

१९७२ साली मी तेरा वर्षांचा होतो. आमचा भाग सोलापूर जिल्ह्यातला, माणदेशाला लागून. दुष्काळ आम्हाला नवा नव्हता, पण तेव्हा लागोपाठ वर्षं कोरडी गेली. आईवडील दुष्काळी कामावर, नाल्याच्या बांधावर. शाळा सुटली की मीही तिकडं पळायचो, कारण तिथं सुकडी मिळायची. घरात मिलोच्या लाल भाकरी, तव्यावरच तुकडे पडणाऱ्या. या सगळ्यावर पुष्कळांनी लिहिलंय. मी पाण्याचं तेवढं सांगतो.

गावात पिण्याच्या पाण्याचा आड एकच. त्याचं पाणी पार तळाला गेलेलं. पोहरा सोडला तर गाळच वर यायचा. मग एखादा गडी दोराला धरून आत उतरायचा, झऱ्याशी बसून वाटीवाटीनं पोहरा भरायचा आणि वरून बाया तो शेंदून घ्यायच्या. एक कळशी भरायला किती वेळ लागेल ते झऱ्याच्या मर्जीवर. कळश्यांची रांग लावून बाया तिथंच कलंडायच्या. आईची पाळी कधी मध्यरात्री यायची, कधी कोंबडा आरवताना.

आणि रांगेपासून दहा हात लांब गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या बाया बसलेल्या. त्यांनी आडाला शिवायचं नाही. महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं ते १९२७ साली. अस्पृश्यतेचा कायदा झाला १९५५ साली. आमच्या आडाला यातलं काही ठाऊक नव्हतं. वस्तीतल्या बाईनं मडकं पुढं ठेवून बाजूला सरायचं आणि गावातल्या कुणाच्या मनात आलं तर तिनं वरून पाणी ओतायचं. आई नेहमी ओतायची. हे ती सांगायची आणि मीही चारचौघांत मोठेपणानं सांगत आलो.

या चैत्रात त्या कळशीसमोर बसून आईनं राहिलेलं सांगितलं. दुष्काळातल्या एका पहाटे तिची कळशी भरली. पलीकडं एक बाई आदल्या दुपारपासून बसलेली. तिनं तोंडातून शब्द काढला नाही, नुसतं मडकं थोडं पुढं सरकवलं. आईच्या डोळ्यांपुढं घरातली पाच तोंडं आणि दावणीचं जनावर. तिनं कळशी डोक्यावर घेतली आणि त्या बाईसमोरून चालत घरी आली. "मागं बघितलं न्हाई मी," आई म्हणाली. "बघितलं असतं तर वतावं लागलं असतं."

त्या बाईचं नाव आईच्या ध्यानात आहे. मी इथं लिहीत नाही. पण माझ्या मोठेपणाचं काय करावं, हे मला त्या दिवसापासून कळेनासं झालंय. मुळात ओतायचं कशाला होतं? दोरच तिच्या हातात द्यायचा होता. आईचं राहू द्या, तिला कुणी शाळेत घातलं नव्हतं. मी दहावी झालो, मलाही हे साठी उलटल्यावर सुचलं.

दुष्काळ सरला आणि पुढच्या दोनचार वर्षांत यंत्राची गाडी येऊन बोअर पाडून गेली. हापसा बसला. आधीचे हापसे ओतीव लोखंडाचे, सारखे मोडायचे. नंतर आला तो इंडिया मार्क टू. सरकार आणि युनिसेफनं मिळून तो देशभर नेला, पण तो बेतला होता आमच्या सोलापूरच्या पंपावरून. सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते, हापसा कुणाला आठवत नाही.

हापशाला दांडा एकच. सगळ्यांनी तोच धरायचा. आमची आजी आधी त्यावर तांब्याभर पाणी ओतायची, मग हात लावायची. एकदा हापसा पोकळ चालायला लागला. दांडा मारून दमलं तरी पाणी येईना. मेस्त्री आला, त्यानं एकेक करून पाईप वर काढले. पान्हा धरायला मी होतो. तळाच्या नळकांड्यातून त्यानं काळपट वाटीसारखं काहीतरी काढून माझ्या हातावर ठेवलं. चामड्याचं वायसर, कडेनं झिजलेलं. "सगळा खेळ ह्याचा," तो म्हणाला. "दांडा नुसता दिसायला." आजी शेजारीच उभी होती. ज्यांची सावली तिला चालत नव्हती, त्यांनी कमावलेलं कातडं इतके दिवस तिचं पाणी वर आणत होतं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पाण्याला आली. दांडा धुणं काही तिनं सोडलं नाही.

त्या मेस्त्रीचं बोलणं डोक्यात होतं म्हणून मी तोटी स्वतःच खोलायला घेतली. टाकीचा कॉक बंद केला, तोटी उघडून पाईपातलं पाणी जाऊ दिलं. मोरीच्या भोकात फडकं कोंबलं, नाहीतर मुठीचा बारका स्क्रू हमखास तिथंच जातो. मूठ काढून पान्ह्यानं वरचं डोकं फिरवलं. आत दांडा, दांड्याखाली बारकी पितळी खुंटी आणि खुंटीच्या बुडाला रबराचं वायसर. वायसरावर गोल चर पडलेला, म्हणून टिपकत होतं. आणि खुंटी आपल्या जागेत ढिली झालेली. अर्ध्या धारेत ती थडथडायची, तेच ओरडणं. आट्यांनी वायसर दाबून पाणी बंद करायची ही युक्ती १८४५ सालची, इंग्लंडातल्या रॉदरहॅम गावच्या एका पितळेच्या कारखान्याची. तेव्हापासून चामड्याचं रबर झालं, बाकी करामत तीच.

वायसर जिथं टेकतं त्या कडेवर क्षाराचा पांढरा थर होता. तो पॉलिशपेपरनं हळू घासला. जुनं वायसर नातवाजवळ देऊन मापाचं नवं आणि खुंटी मागवली. सगळी मिळून तीस रुपये. दोन आटे फडक्यानं पुसून बसवले, कॉक सोडला. आवाज गेला. टिपकणंही थांबलं.

त्या रात्री आई उठलीच. न्हाणीत उभं राहून तिनं तोटीखाली हात धरला.

"टिपकत न्हाई व्हय रं?"

"नाही आता."

थोड्या वेळानं म्हणाली, "तिचं कोण हाय का गावात?"

"नातू पुण्याला असतो. घराला कुलूप आहे."

"बरं," म्हणाली आणि कळशी पालथी घालून झोपायला गेली. मी कंदिलासारखा मोबाइल धरून तोटी पुन्हा एकदा बघितली. वरच्या डोक्याचे आटे झिजलेत. पुढच्या खेपेला ते नवं घालावं लागेल.