वस्तरा, रेझर आणि वाटणी

शब्दापासून सुरुवात करतो, दोन भाषा शिकवणाऱ्याची ही सवय जात नाही. मराठीतला ‘वस्तरा’ फारसीतल्या ‘उस्तुरा’वरून आला. ‘हजामत’ त्याहून लांबची, अरबीतल्या ‘हिजामा’ची. हिजामा म्हणजे तुंबडी लावून रक्त काढणं. ते करणारा तो हज्जाम. धारदार हत्यार त्याच्याचकडे असायचं, म्हणून केस, दाढी, तुंबडी, खतना ही सगळी कामं त्याच्याकडे गेली आणि इकडे येईपर्यंत हजामतीचा अर्थ दाढी-केसांपुरता उरला.

हे सगळं उकरायचं कारण घरगुती आहे. मुलगा आणि मुलगी दोघंही मोठी झालीत. त्यांना द्यायला एक चांगला, जुन्या पद्धतीचा सेफ्टी रेझर निवडायचाय. शाळेत हे बोललो, तर एक सहकारी म्हणाले, “सर, तुमच्यात तर दाढी ठेवतात. रेझर कशाला?” प्रश्न रास्त होता. हदीसमध्ये ज्यांना फितरतच्या गोष्टी म्हटलंय, त्यांत मिशा कातरणं, नखं काढणं, काखेतले आणि नाभीखालचे केस काढणं येतं. त्यासाठी चाळीस दिवसांची मुदतही सांगितली आहे. ही स्वच्छता पुरुषांइतकीच स्त्रियांनाही लागू आहे. दाढी ठेवणाऱ्यालाही गालावरचा खत सरळ करायला पातं लागतंच. अकीक्याला बाळाचं जावळ काढतात, हजला डोकं मुंडवतात. मुसलमानाच्या घरात पात्याशिवाय चालत नाही.

पण पातं घरात असणं ही अलीकडची गोष्ट आहे. बलुतेदारीच्या गावात वस्तरा न्हाव्याकडे असायचा आणि तो कुणाच्या गालाला लागेल हे गावाच्या रिवाजाने ठरायचं. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत साताऱ्यातलं बालपण सांगितलंय. गावात न्हावी होते, घरची पैसे द्यायची ऐपतही होती, पण अस्पृश्याच्या केसांना हात लावायला कुणी तयार नव्हतं. भावांचे केस मोठी बहीण कापायची. याच बाबासाहेबांनी १९५४ साली आमच्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि ते हरले.

दोष वस्तरा धरणाऱ्यावर टाकून मोकळं व्हायचं, हे मात्र मला पटत नाही. त्याला नकार द्यायला लावणारं गाव होतं आणि ते त्यालाही खालच्याच पायरीवर बसवत होतं. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक एकत्र आले आणि विधवांच्या केशवपनाला वस्तरा लावणार नाही, असं त्यांनी ठरवलं. हातातलं हत्यार खाली ठेवून केलेलं असं आंदोलन मला दुसरं चटकन आठवत नाही. आपल्याकडे बघायचं तर उर्दूत न्हाव्याला ‘खलीफा’ म्हणायची रीत आहे. या बिरादरीने हजरत सलमान फारसींच्या नावावरून ‘सलमानी’ हे नावही घेतलं. एवढी इज्जतीची नावं, आणि सोयरिकीचा विषय निघाला की लोक अजूनही बिरादरी विचारतात. मशिदीत एका सफमध्ये उभं राहणाऱ्यांनी याचं उत्तर स्वतःलाच द्यावं.

तिकडे अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट या फिरत्या विक्रेत्याने १९०१ मध्ये आपल्या रेझरच्या पेटंटसाठी अर्ज केला. कल्पना त्याची होती. कागदासारखं पातळ पोलादी पातं प्रत्यक्षात बनवण्याची किमया विल्यम निकरसन या अभियंत्याची. १९०३ मध्ये विकले गेले अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती. पेटंट १९०४ मध्ये मिळालं, १९२१ मध्ये संपलं. मग दुधारी पातं कुणालाही बनवता येऊ लागलं. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने सैनिकांसाठी लाखोंनी रेझर घेतले. घरी परतलेल्या सैनिकांना स्वतःची दाढी स्वतः करायची सवय लागली होती. आपल्याकडे हे पातं पुढे इतकं रुळलं की ठाण्याच्या कारखान्यातलं सुपरमॅक्स किंवा टोपाझ ही नावं किराणा दुकानातली झाली. सलूनमधला वस्तराही बदलला. एड्सची जागृती सुरू झाली तेव्हा दर गिऱ्हाइकाला नवं पातं लावा, असं सांगितलं जाऊ लागलं. आता साकोलीतही खुर्चीत बसलं की दुधारी ब्लेड कागदासकट मधोमध मोडल्याचा ‘कट्’ आवाज येतो आणि अर्धं पातं वस्तऱ्यात सरकतं.

आता निवडीचं. आज दुकानात हमखास मिळतो तो कार्ट्रिजवाला. जिलेटने २०१० मध्ये भारतासाठी ‘गार्ड’ आणला, दांडा पंधरा रुपयांना आणि कार्ट्रिज पाच रुपयांना. स्वस्त आहे, कापत नाही, माझी तक्रार नाही. पण कंपनीने कार्ट्रिज बंद केलं की दांडा निकामी. दुधारी पात्याचं तसं नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या जिलेटमध्ये आजचं कोणत्याही कंपनीचं पातं बसतं. म्हणून वारशात द्यायची वस्तू हीच.

ती कशाची असावी, हे भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. पितळेची भांडी हीच आमच्या जिल्ह्याच्या गावाची ओळख. जुने रेझर पितळेचे, वर निकेलचा मुलामा. मुलामा झिजला तर खालून पिवळं दिसतं, पण वस्तू टिकते. आजचे बरेच स्वस्त रेझर जस्ताच्या मिश्रधातूचे असतात. त्यांचा मुलामा एकदा फुटला की पाणी आत शिरतं, धातू कुजतो आणि बहुधा आटे असलेला भागच तुटतो. लोहचुंबक इथे कामाचा नाही, तो दोन्हींना चिकटत नाही. हातात तोलून बघावं, सारख्या आकाराचा पितळी रेझर जड लागतो. दांडा फिरवून आटे बघावेत. पातं बसवून दोन्ही बाजूंनी सारखं बाहेर येतंय का, तेही बघावं. स्टेनलेस स्टीलचाही उत्तम, फक्त किंमत बघून छाती दडपते.

घरात अब्बांचा पितळी रेझर आहे, टोपी, तळपट्टी आणि दांडा अशा तीन तुकड्यांचा. मुलगा लगेच म्हणाला, “अब्बू, वारशाचा हिशेब सोपा आहे. दोन हिस्से माझे, एक आपाचा. तिला दांडा देऊ.” आपाने विचारलं, दांड्याशिवाय तू दाढी कशी करणार? मी त्यांना नोमान बिन बशीर यांची हदीस सांगितली. त्यांच्या वडिलांनी त्यांना एक भेट दिली, तेव्हा रसूलुल्लाहनी विचारलं होतं, सगळ्या मुलांना अशीच दिलीस का? वारशाचे हिस्से मेल्यावर. हयातीत द्यायचं ते बरोबरीने. त्यामुळे सध्या दुसरा शोधतोय. पितळीच, तीन तुकड्यांचा, आटे शाबूत असलेला. तो मिळाला की अब्बांचा कुणाला, हे दोघं चिठ्ठी टाकून ठरवणार आहेत.