तळटीप : पिप आणि एस्टेलाची अखेरची भेट (‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’, प्रकरण ५९)

१. डिकन्सने ही भेट आधी वेगळी लिहिली होती. त्या शेवटात पिप जो आणि बिडीच्या लहानग्याला घेऊन लंडनच्या पिकॅडिलीतून चाललेला असतो. गाडीतून जाणारी एस्टेला त्याला थांबवते. ड्रमल वारल्यावर तिने श्रॉपशरच्या एका डॉक्टरशी लग्न केलेले असते. मूल पिपचेच समजून ती त्याचा मुका घेते आणि पिप खुलासा करत नाही. एवढेच. एडवर्ड बुल्वर-लिटन या कादंबरीकार मित्राच्या सल्ल्यावरून १८६१ मध्ये डिकन्सने हे काढून सॅटिस हाउसच्या उजाड बागेतली भेट घातली. पहिला शेवट डिकन्सच्या निधनानंतर जॉन फॉर्स्टर यांनी लिहिलेल्या चरित्रातून वाचकांपुढे आला. प्रस्तुत संपादकाला तोच अधिक खरा वाटतो. आपल्याला हृदयच नाही, असे एस्टेलाने पिपला याच बागेत बजावले होते (प्रकरण २९), आणि ऐकूनही तो प्रेम करत राहिला. त्या प्रेमाला प्रतिसाद मिळाला नाही म्हणून ते लहान ठरत नाही. छापील शेवटातही दोघांचे लग्न झाल्याचे कुठे म्हटलेले नाही. वाचकांनी इथे थांबून पिप एस्टेलापुढे हे प्रेम बोलून दाखवतो ते ४४वे प्रकरण पुन्हा वाचावे.