सँडोचा साचा

बिनबाह्यांच्या बनियनला आपण सर्रास ‘सँडो’ म्हणतो. हे एका माणसाचे नाव आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. युजेन सँडो १८६७ साली प्रशियातील कोनिग्सबर्गला जन्मला. खरे नाव फ्रीडरिख म्युलर. १८९३ साली शिकागोत झीगफेल्डने त्याला रंगमंचावर आणले. तोवरचे बलदंड पुरुष वजने उचलून दाखवीत. सँडो नुसता उभा राही आणि लोक शरीर पाहत. ग्रीक पुतळ्यांच्या पवित्र्यातली त्याची छायाचित्रे खपू लागली. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या कारकुनांना ती पाहून स्वतःच्या दंडाची लाज वाटे, आणि त्या लाजेवर व्यायामाची साधने विकली जात.

१९०१ साली लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयाने त्याच्या देहाचा प्लॅस्टरचा साचा घेतला. कशासाठी? तर गोऱ्या युरोपीय वंशाचा आदर्श नमुना म्हणून! तो पुतळा लवकरच प्रदर्शनातून हलवला गेला, हा भाग वेगळा. पण शरीरांची प्रतवारी लावण्याचा हा उद्योग तेव्हा साम्राज्यभर चालू होता. १८९० च्या दशकात ‘लढाऊ जमातीं’चा सिद्धान्त पुढे करून महारांना सैन्याची दारे बंद झाली. पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत मर्दुमकी गाजवलेली माणसे एकाएकी ‘बिगरलढाऊ’ ठरली. गोपाळबाबा वलंगकरांना त्याविरुद्ध अर्ज लिहावा लागला.

आणि स्त्री? सँडोच्या नावाने पुढे तिच्यासाठी कॉर्सेट विकला गेला. पुरुषाने छाती फुगवायची, स्त्रीने कंबर आवळायची. भर उन्हात खडी फोडणाऱ्या आपल्या आयाबहिणींचे दंड काही कमी पिळदार नव्हते. पण ते पोटासाठी कमावलेले. त्यांना कोण सुंदर म्हणणार?

अमेरिकेत सँडोची गादी चार्ल्स ॲटलसने चालवली. हा मूळचा इटालियन स्थलांतरित, अँजेलो सिसिलियानो. परकेपण पुसायला त्याला शरीराबरोबर नावही बदलावे लागले. त्याची चित्रजाहिरात कित्येक वर्षे छापली जात होती : समुद्रकिनाऱ्यावर एक दांडगट एका हडकुळ्या तरुणाच्या तोंडावर वाळू उडवतो, तरुण व्यायाम करून परततो आणि त्याला ठोसा लगावतो. बरोबरची मुलगी मग कौतुकाने त्याला बिलगते. तिला चित्रात दुसरे कामच नाही. ती बक्षीस आहे.

पुढे स्त्रियांनी स्वतःच वजने उचलली. १९८० साली ‘मिस ऑलिंपिया’ स्पर्धा सुरू झाली. राचेल मॅक्लिश पहिली विजेती. स्त्रियांचे स्नायू वाढत गेले तसे परीक्षक अस्वस्थ झाले. मिस्टर ऑलिंपियाला सँडोचीच मूर्ती बक्षीस देतात, आणि पुरुष दरवर्षी अधिक अवाढव्य झाले तरी कुणाची तक्रार नव्हती. स्त्रियांना मात्र आंतरराष्ट्रीय शरीरसौष्ठव महासंघाने डिसेंबर २००४ मध्ये पत्रक काढून स्नायू वीस टक्क्यांनी कमी करण्यास सांगितले. कारण दिले सौंदर्य आणि आरोग्य. आरोग्याचीच काळजी असती, तर ते पत्रक पुरुषांना का गेले नाही?