विलायतेचे भाडे कोणी भरले?

मराठी माणूस शिकण्यासाठी परदेशी जाऊ लागला, ही हकीकत आपण बहुधा समुद्राची हकीकत म्हणून सांगतो. सिंधुबंदी होती, कलियुगात समुद्रप्रवास वर्ज्य मानला होता, काही धाडसी मंडळींनी ती बंदी मोडली, वाळीत पडण्याचे भोग भोगले आणि मागच्यांना वाट मोकळी झाली. या सांगण्यात नायक आहे, खलनायक आहे, शेवटही गोड आहे, म्हणून ते टिकले. पण त्या काळातल्या परदेशगमनांचे तपशील शेजारी शेजारी मांडले की चित्र बदलते. बंदराच्या धक्क्यावर माणूस अडत होता तो पोथीपायी कमी आणि भाड्यापायी जास्त. भाडे ज्याने भरले त्याने अटही घातली. कोण जाणार, काय शिकणार आणि परतल्यावर कोणाच्या दारात उभा राहणार, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या अटीत लिहिलेली असत.

जातीच्या बहिष्काराचे भय खोटे होते, असे कोणी म्हणणार नाही. पंगतीत पान न मांडले जाणे, मुलीला स्थळ न मिळणे, श्राद्धाला भटजी न येणे, या शिक्षा भोगणाऱ्याला लहान नव्हत्या. पण त्यासाठी आगबोटीत बसावे लागत नसे. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे आली. तिथे कोण होते त्यांची नावे छापून आली, आणि टिळक-रानड्यांसकट सगळ्यांवर बालंट आले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि शेवटी प्रायश्चित्तांवर मिटले. ही नावे चव्हाट्यावर आणणारे गृहस्थ होते गोपाळराव जोशी, म्हणजे आनंदीबाईंना अमेरिकेला पाठवण्यासाठी जिवाचे रान केलेले त्यांचे यजमान. ज्याने बायकोला सातासमुद्रापार धाडले त्यानेच पुणेकरांना पेठेतल्या चहावरून कोंडीत पकडले, यातली थट्टा त्या काळी अनेकांना उमगली नसावी. सांगायचे इतकेच की बहिष्कार हे खास समुद्रासाठी घडवलेले हत्यार नव्हते, आणि त्यातून सुटायची तोडही समाजाने ठरवून ठेवली होती. दुसरा पुरावा याहून सरळ आहे. पारशांच्या धर्मात समुद्र ओलांडण्याला आडकाठी नव्हती. तरीही १८९२ साली जमशेटजी टाटांना परदेशी शिक्षणासाठी निधी स्थापन करावासा वाटला, आणि तो आरंभी पारशी विद्यार्थ्यांसाठीच होता. अडचण शास्त्राची असती तर त्यांच्या ज्ञातीला या निधीची गरज का पडावी?

आनंदीबाईंचेच उदाहरण घ्यावे. गोपाळराव कोल्हापूरला असताना त्यांनी मिशनरी वाइल्डर यांच्याकडे मदत मागितली. उत्तर आले ते ख्रिस्ती व्हा, मग पाहू, अशा सुराचे. हा पत्रव्यवहार अमेरिकेत मिशनच्या नियतकालिकात छापला गेला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटरबाईंच्या नजरेस तो १८८० मध्ये पडला, आणि तिथून धर्मांतराची अट नसलेली एक वाट निघाली. पण जिव्हाळ्याने आगबोटीचे तिकीट निघत नाही. आनंदीबाईंनी १८८३ च्या फेब्रुवारीत बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात भाषण केले, त्यानंतर वर्गणी जमू लागली. व्हाइसरॉय रिपन यांनी दोनशे रुपये दिले, सोन्याच्या बांगड्या विकल्या गेल्या आणि एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या. पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून मार्च १८८६ मध्ये पदवी घेऊन परतताना त्यांच्या हाती कोल्हापूर संस्थानाचे नेमणूकपत्र होते: आल्बर्ट एडवर्ड इस्पितळाचा स्त्रियांचा विभाग सांभाळायचा. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले आणि त्या खुर्चीवर बसणे राहूनच गेले.

त्याच १८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. ‘स्त्रीधर्मनीति’ या स्वतःच्या पुस्तकाच्या विक्रीतून त्यांनी भाड्याची सोय केली, म्हणजे जाताना त्या कोणाच्या मिंध्या नव्हत्या. तिथे पोहोचल्यावर मात्र वाँटेजच्या जोगिणींच्या मठात राहायचे आणि हिंदुस्थानात येणाऱ्या जोगिणींना मराठी शिकवायचे, अशी देवघेव ठरली. सप्टेंबरअखेर त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो त्यांचा स्वतःचा निर्णय होता, आणि त्याला लाचारी म्हणणाऱ्यांनी त्यांची पत्रे वाचलेली नसतात. पण बाप्तिस्म्यानंतर कोणाला शिकवावे, कोणते मत मानावे, यावरून मठाशी आणि चर्चच्या अधिकाऱ्यांशी त्यांचे जे खटके उडाले, ते पाहिले की आश्रयाची किंमत दिसते. पुढे अमेरिकेत बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे पैसा पुरवण्याचे कबूल केले, आणि तिथे अट उलटी होती: रमाबाईंच्या शारदा सदन या शाळेत धर्मप्रसार करायचा नाही. बाई त्याच, उद्देशही तोच. देणारा बदलला तशी अट पालटली.

ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, असे आपण म्हणतो. पण टाळी कोणत्या तालावर वाजवायची हे दर पोळीगणिक वेगळे होते. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्मशास्त्र शिकायला गेले ते युनिटेरियन पंथाच्या शिष्यवृत्तीवर. परतल्यावर धर्मकार्य करायचे हे त्यात गृहीतच होते, आणि ते मुंबईत प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. श्यामजी कृष्णवर्मांनी १९०५ मध्ये जाहीर केलेल्या शिष्यवृत्त्यांची अट बरोबर दुसऱ्या टोकाची होती: शिकून आल्यावर इंग्रज सरकारची नोकरी किंवा मानमरातब घ्यायचा नाही. टिळकांच्या शिफारशीने सावरकर १९०६ मध्ये गेले ते याच योजनेतल्या शिवाजी शिष्यवृत्तीवर. तिला जोड होती सासऱ्यांची. जव्हार संस्थानातले भाऊराव चिपळूणकर यांनी जावयाच्या शिक्षणाचा भार उचलला. सासऱ्याच्या पैशावर विलायत गाठणाऱ्या जावयांची आपल्याकडे एक वेगळी परंपराच आहे. तिचा इतिहास कोणी लिहिला तर हुंड्याच्या इतिहासातले एक प्रकरण आयते मिळेल.

यावर एक आक्षेप हमखास येईल. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे कोकणातल्या मुर्डी गावातून निघून १८९९ साली केंब्रिजचे सीनिअर रँग्लर झाले ते गणिताच्या बळावर. तिथे अटीचा संबंध काय? बुद्धी त्यांची होती, यात वादच नाही. पण ती बुद्धी केंब्रिजला पोहोचली सरकारी शिष्यवृत्तीने, आणि शिष्यवृत्तीपर्यंत पोहोचली विद्यापीठाच्या परीक्षांमधून. त्या परीक्षांना बसण्याइतकी शाळा कोणाच्या वाट्याला आली होती, हे वेगळे सांगायला नको. परतल्यावर मोठ्या पगाराची सरकारी जागा मिळण्याजोगी असताना ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य म्हणून तुटपुंज्या वेतनावर फर्ग्युसनमध्ये आले आणि १९०२ पासून प्राचार्य झाले. हे बंधन त्यांनी आपखुशीने पत्करले, म्हणून ते बंधन नव्हते असे होत नाही. उलट अट किती चांगलीही असू शकते, याचा तो नमुना आहे. गरीब देशाने एका मुलावर पैसा घालावा आणि त्याने तो विद्यार्थ्यांना परत करावा, यात अन्याय कुठे आहे? मीही अटीला अन्याय म्हणत नाही. करारनामा दोन बाजूंचा असतो आणि दुसरी बाजू तो पाळू शकते की नाही हे कागदावर दिसत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

हे सर्वांत स्पष्ट दिसते ते डॉ. आंबेडकरांच्या बाबतीत. जून १९१३ मध्ये बडोदे संस्थानाशी झालेला करार असा होता: दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, ठरलेल्या विषयांचा अभ्यास, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची चाकरी. जुलैत ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र असे जे मिळेल ते शिकले. १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये नाव घातले. पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीची वाढीव मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. करार पाळण्यासाठी ते बडोद्याला गेले. तिथे अस्पृश्याला राहायला घर मिळेना, पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले, आणि कचेरीत शिपाई कागद हातात न देता टेबलावर फेकत. ज्या राजाने पैसा दिला त्याच्या राजधानीत त्या पैशाची फेड करायला जागा नव्हती. दहा वर्षांची चाकरी थोड्याच दिवसांत आटोपली. सयाजीरावांची दानत निर्विवाद होती. पण महाराजांची सही शिपायाचा हात बांधू शकली नाही. आगबोटीने आंबेडकरांची जात विचारली नव्हती. विचारली ती बडोद्यात, परतल्यानंतर. सिंधुबंदी मोडल्याच्या कथेत या परतीला जागाच नाही, कारण त्या कथेतला नायक परत येऊन प्रायश्चित्त घेतो आणि पंगतीला बसतो. ज्याला मुळात पंगतीतच घेतलेले नव्हते त्याने कसले प्रायश्चित्त घ्यावे?

दुसऱ्या वेळी, १९२० मध्ये, आंबेडकर लंडनला गेले ते सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून टाकलेली शिल्लक, नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज आणि शाहू महाराजांची मदत यांच्या बळावर. या खेपेला दहा वर्षांच्या चाकरीचा कागद नव्हता. डी. एस्‌सी. झाली, बॅरिस्टरी झाली, आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ निघाला. परतल्यावर वकिली करायची की चळवळ, हे ठरवायला माणूस मोकळा होता.

तरीही देणाऱ्याने मनही विकत घेतले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. बडोद्याच्या पैशावर शिकतानाच आंबेडकरांनी मे १९१६ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात जातिसंस्थेच्या उगमावर निबंध वाचला. संस्थानाला हवा होता तो कारभाराच्या उपयोगी पडणारा अधिकारी. त्याच्या कामाशी या निबंधाचा काडीचा संबंध नव्हता. त्याआधी काही वर्षे न्यूयॉर्क राज्यातच कॉर्नेल विद्यापीठात श्रीधर व्यंकटेश केतकरांनी जातीच्या इतिहासावर प्रबंध लिहिला होता, तो १९०९ मध्ये ग्रंथरूपाने आला. ज्ञानकोशकार केतकर आणि आंबेडकर यांचे निष्कर्ष एकमेकांपासून दूर होते. पण दोघांनाही आपली जातिव्यवस्था विद्यापीठीय टेबलावर ठेवून तपासायला हजारो मैल लांबचे टेबल लागले, ही गोष्ट विचारात पाडणारी आहे. अटीत विषयाचे नाव लिहिता येते, पण त्या विषयातून विद्यार्थी कुठे जाईल हे लिहिता येत नाही.

टाटा निधीने मात्र अटीची जातच बदलली. पैसा दान म्हणून न देता कर्ज म्हणून द्यायचा आणि कमवायला लागल्यावर तो फेडून घ्यायचा. अमक्या ठिकाणी चाकरी कर, अमके मत मान, असे काही नाही. इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या त्याही कर्जावर. ते जीवराज मेहतांकडून मिळाले होते. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या सासऱ्यांना, धोंडो केशव कर्व्यांना, सुनेचे हे जाणे पसंत नव्हते. पैसा घरच्या संमतीवर अवलंबून नसल्याने त्या जाऊ शकल्या. आजचे शैक्षणिक कर्ज याच वंशातले आहे. त्याला तुमचा धर्म, जात, मत यांशी कर्तव्य नाही. त्याला तारण आणि हप्ता हवा. पण इथे हिशेब उलटा फिरतो. संस्थानचा करारनामा माणसाला परत खेचत असे. रुपयात काढलेले लाखोंचे कर्ज माणसाला डॉलर मिळेल तिथे थांबवून ठेवते. मुले परत येत नाहीत म्हणून त्यांच्या देशप्रेमाची चिकित्सा करणाऱ्यांनी आधी कर्जाच्या कागदावरचा व्याजाचा आकडा वाचावा.

ज्यांच्याकडे तारण ठेवायला सात-बारा नाही, त्यांच्यासाठी देणारा म्हणून सरकार उरते. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे आणि दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्तांतली मुले तिच्या आधाराने बाहेर शिकली. २०२२ च्या फेब्रुवारीत सामाजिक न्याय मंत्रालयाने तिच्या नियमावलीत बदल केला. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास, या विषयांना ही शिष्यवृत्ती मिळणार नाही, असे ठरले. असे संशोधन देशातच करता येते, हे त्यामागचे समर्थन, आणि ते वरवर पटण्याजोगेही आहे: भारताचा अभ्यास करायला भारताबाहेर कशाला जायचे? बडोद्याच्या दिवाणाला १९१३ मध्ये हा युक्तिवाद सुचला असता आणि त्याने तो करारात घातला असता, तर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रातला तो निबंध कराराचा भंग ठरला असता.